टॉर्च कोणी धरायचा : आमच्या घरातल्या जुळ्यांची केस

मुलगा-मुलगी असा भेद नकळत कसा होतो याची ही केस आमच्याच घरातली आहे, त्यामुळे अगदी तटस्थ वगैरे राहून लिहायला जमणार नाही हे आधीच सांगून टाकते. जुळी आहेत, एक मुलगी एक मुलगा, आता बारा पूर्ण झालीत, आणि २०२२ पासून घरीच शिकतात. खरी नावं नकोत म्हणून घरात ज्या हाका मारतो त्याच वापरते, ताई आणि बाळ्या. आता गंमत बघा, ती त्याच्यापेक्षा चार मिनिटांनी मोठी आहे. चार मिनिटं फक्त. तेवढ्यावर ती ताई झाली आणि तो बाळ्याच राहिला, आणि हे लिहायला बसेपर्यंत मला यात काही खटकलंसुद्धा नव्हतं.

पार्श्वभूमी पटकन सांगते. मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा दोघं पहिलीत होती, मराठी माध्यम, दुसरी पूर्ण मोबाईलवर गेली, तिसरी अर्धी मोबाईलवर अर्धी वर्गात, आणि त्या काळात आमच्या लक्षात आलं की घरी दोन तासात जेवढं होतंय तेवढंच बाहेर सहा तासात होतंय. मग काढलं. मी अकाउंट्सची नोकरी सोडली, नवरा भोसरीला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, त्याला गुरुवारची सुट्टी. सासूबाई आमच्याकडेच असतात. शिक्षणहक्क कायद्यात होमस्कूलिंग हा शब्दच नाहीये, त्यामुळे नातेवाईकांपैकी कोणी ना कोणी "हे चालतं का पण?" असं दर महिन्याला विचारतंच. दहावीला एनआयओएस, म्हणजे केंद्राची मुक्त शाळा, करायचं की १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून राज्य मंडळाची परीक्षा द्यायची हे अजून ठरलेलं नाही, एनआयओएसला चौदा पूर्ण लागतात म्हणून वेळ आहे.

आमचं तत्त्व काय, तर मुलांना ज्यात रस आहे ते करू द्यायचं. टाइमटेबल नाही, घंटा नाही. ताईला लिहायला आवडतं, चित्रं आवडतात, बाळ्याला उघडाउघडी आवडते. आम्ही म्हणायचो बघा, कसे आपापल्या वाटेने चाललेत. हे वाक्य मी किमान पन्नास जणांना तरी ऐकवलं असेल.

उद्या कोणी विचारलं तर दाखवायला असावं म्हणून मी रोज वहीत लिहिते, कोणी काय केलं ते, आणि अधूनमधून व्हिडिओ काढून ठेवते. गेल्या मे महिन्यात हॉलचा पंखा एकदम हळू फिरायला लागला, हाताने ढकलला की मग जरा वेग घ्यायचा. नवरा म्हणाला कपॅसिटर गेला असणार, चला सायन्सचा तास. मी मोबाईल काढला आणि शूट केलं, सात-आठ मिनिटांचा व्हिडिओ आहे. तेव्हा मला तो एवढा आवडला होता की मी माहेरच्या ग्रुपवर पण टाकला.

दोन आठवड्यांनी वहीबरोबर फाईल लावताना तो परत बघितला. नवरा स्टुलावर, मेन स्विच बंद केलेला म्हणून हॉलमध्ये अंधार, बाळ्या शेजारच्या खुर्चीवर उभा, हातात टेस्टर, आणि ताई खाली, माझा जुना फोन वर धरून टॉर्च दाखवतेय. वरचा कप सोडवतात, आत ती छोटी चौकोनी डबी दिसते, त्यावर २.५ मायक्रोफॅरड लिहिलेलं असतं, बाळ्या ते मोठ्यांदा वाचतो. मग ताई विचारते, "बाबा, पण ह्याच्याशिवाय पंखा का नाही फिरत?" प्रश्न तिचा आहे, अगदी स्पष्ट ऐकू येतो. आणि नवरा उत्तर देतो, चांगलं उत्तर देतो, की घरातल्या एकाच फेजवर मोटरला कुठल्या दिशेने फिरायचं ते ठरवताच येत नाही, दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट कपॅसिटर जरा आधी पोचवतो म्हणून आतलं चुंबकीय क्षेत्र फिरायला लागतं, दोघांनी झोपाळा मागेपुढे वेळ साधून ढकलावा तसं. सगळं सांगतो, पण बाळ्याकडे बघून. बाळ्या मान डोलावतो. ताई पुन्हा विचारते, "म्हणजे तो करंट साठवतो का?" आणि ह्या वेळी उत्तरच येत नाही कारण मध्ये एक आवाज येतो, "ताई, टॉर्च नीट धर गं, हलवू नकोस."

तो आवाज माझा आहे.

मी तो तुकडा चार वेळा मागे नेऊन बघितला. कोणी तिला गप्प बस म्हटलं नाही, कोणी रागावलं नाही, उलट शेवटी नवरा म्हणतो "ताईने मस्त हेल्प केली". आणि ती हसते.

मग मला कॉलेजात असताना वाचलेली एक गोष्ट आठवली आणि शोधून परत वाचली. अमेरिकेत सॅन होजे इथल्या मुलांच्या म्युझियममध्ये आईबाप आणि मुलं प्रयोगाच्या वस्तूंशी खेळत असताना त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं, २००१ मध्ये छापून आलं. वस्तू कशी वापरायची, हे दाब ते फिरव, हे मुलामुलींना सारखंच सांगितलं जात होतं. पण हे असं "का" होतं हे समजावून सांगणं मुलग्यांच्या वाट्याला मुलींपेक्षा तिप्पट. आणि मुलं तर अगदी लहान, बरीचशी शाळेतसुद्धा न जाणारी. आमच्या व्हिडिओत अगदी तेच आहे. "कसं" ताईला मिळालं, कसा धरायचा, किती उंच, हलवायचा नाही. "का" बाळ्याला मिळालं, न मागता.

आता वहीकडे वळते. सहा महिन्यांची पानं एका दमात वाचली आणि खरं सांगू, मला माझ्या अक्षराची लाज वाटली. बाळ्याच्या नोंदी अशा: "आज गिअर उलटे का फिरतात यावर बराच वेळ डोकं लावलं, दोनदा चुकलं, परत केलं." "बॅटरी गरम झाली, का ते शोधतोय." ताईच्या नोंदी अशा: "भूगोलाचा धडा पूर्ण. स्वतःहून." "गोष्ट लिहिली, चार पानं, अक्षर सुंदर." "गणित झालं. शहाणी आहे." "तिचं ती करते" हे तर पानापानावर. मला वाटायचं हे केवढं मोठं कौतुक आहे. पण नीट बघितलं तर "तिचं ती करते" याचा अर्थ त्या दिवशी मी तिच्याजवळ बसलेच नव्हते. ती चार पानी गोष्ट कशाबद्दल होती, हे मला आजही आठवत नाही. अक्षर आठवतं.

घरातल्या कौतुकावर शिकागोच्या संशोधकांनी काम केलंय, २०१३ चं, एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या घरी जाऊन आईबाप रोजच्या गडबडीत काय बोलतात ते टिपलं. एकूण कौतुक मुलामुलींचं जवळपास सारखंच निघालं. फरक कशाचं कौतुक यात होता: "केवढा प्रयत्न केलास", "असं करून बघितलंस ते छान" या जातीचं कौतुक मुलग्यांच्या एकूण कौतुकात सुमारे २४ टक्के, मुलींच्या एकूण कौतुकात सुमारे १० टक्के. आणि ज्या पोरांना लहानपणी ते जास्त मिळालं ती सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड कामाला जास्त तयार होती. मी काय नवीन करत नव्हते तर. बाळ्याच्या चुका मी वहीत मानाने लिहिल्यात, ताईची एकही चूक त्या वहीत नाही. म्हणजे ती चुकत नव्हती असं नाही, ती पुसून मग दाखवायची.

बाहेर जाण्याचं वेगळंच. नवरा गुरुवारी बाळ्याला घेऊन पुण्यात तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जायचा, नाशिक फाट्यावरून मेट्रो, मंडईला उतरून चालत. मोटर, स्विच, सोल्डरिंगची तार, दुकानदाराशी बोलणं, "दादा हा सहा व्होल्टचा आहे का बाराचा" असं विचारणं, हिशोब, उरलेल्या पैशात वडापाव. दर फेरीला दोन-तीनशे रुपये जायचे आणि आम्ही त्याला शिक्षणाचा खर्च म्हणायचो. ताईला कधी विचारलं नव्हतं असं नाही, एकदा विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली नको गर्दी असते, आणि आम्ही तो विषय कायमचा मिटवला. बाळ्यानेसुद्धा पहिल्यांदा नकोच म्हटलं होतं, पण त्याला नवरा म्हणाला "चल रे, मजा येईल." तिचा नकार पहिल्याच झटक्यात मान्य आणि त्याच्या नकाराला आग्रह. आवड आवड म्हणतो ती अशी घडते.

स्वयंपाकघराची गोष्ट तर मला सांगायचीही लाज वाटते. होमस्कूलिंगवाले आम्ही सगळे अभिमानाने म्हणतो की स्वयंपाक हेसुद्धा शिक्षण, त्यात अपूर्णांक आहेत, रसायनशास्त्र आहे. बरोबर आहे. बाळ्याने एकदा पिझ्झा केला, यीस्टने पीठ का फुगतं यावर अर्धा तास चर्चा, फोटो, ग्रुपवर टाळ्या. ताई रोज कणीक मळते. रोज. सासूबाईंनी शिकवली, छान मळते, दुपारची ताटंही तीच घेते. तिच्या कणकेचा फोटो कोणी काढला नाही आणि पाणी घातल्यावर पिठात ते चिवट जाळं कशाने तयार होतं हे तिला कोणी सांगितलं नाही, जे पिझ्झाच्या वेळी त्याला सांगितलं होतं. म्हणजे तेच पीठ, त्याच्यासाठी अॅक्टिव्हिटी आणि तिच्यासाठी काम. सरकारची २०१९ ची वेळ-वापर पाहणी आहे, घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि करणाऱ्या पुरुषांचा ९७. मी ते आकडे बघून नेहमी नवऱ्याला टोमणे मारायचे. ताईच्या वाट्याची मिनिटं मात्र मीच भरत होते.

आणि इथे एक जरा कडू विनोद आहे. २०१९ ला बालभारतीचं दुसरीचं नवीन पुस्तक आलं होतं त्यात चित्रं बदललेली, आई आणि बाबा दोघं बसून भाजी निवडतायत, डॉक्टर बाई आहे, ट्रॅफिक पोलीस बाई आहे, स्वयंपाकी पुरुष आहे. पेपरात पण आलं होतं तेव्हा. आमच्या दोघांनी तेच पुस्तक वापरलंय. नंतर शाळा सोडली तेव्हा आम्ही सगळी पुस्तकं रद्दीत घातली, छापील साच्यातून मुक्ती वगैरे. शाळेत भेद नसतो असं मी म्हणत नाहीये, रांगोळी मुलींना आणि बाक उचलायला मुलगे हे मी स्वतः भोगलंय. पण विज्ञानाचा तास लागला की निदान सगळा वर्ग विज्ञानाच्या तासाला बसतो, अमकीला लिहायला आवडतं म्हणून तिला उठवून बाहेर पाठवत नाहीत. घरी ती घंटाच नाही. घरी आमच्या डोक्यात जे आहे तेच टाइमटेबल, आणि ते भिंतीवर लावलेलं नसतं म्हणून कोणी खोडतही नाही.

बाळ्याचं नुकसान उशिरा कळलं. गंमत म्हणून दोघांना मराठीचा एक जुना पेपर सोडवायला दिला. ताईने दीड तासात संपवून शाईने रेघा मारल्या. बाळ्याने निबंधाला चार ओळी लिहिल्या, बोटं दुखतात म्हणाला, आणि रडला. तोच मुलगा पंख्यावर पाऊण तास बोलतो. त्याला चार वर्षांत एकदाही धरून लिहायला बसवलं नव्हतं, कारण "मुलांचं अक्षर असंच असतं" आणि "तो एका जागी बसत नाही". सोल्डरिंगला दोन-दोन तास बसतो की! ते आम्हाला दिसत नव्हतं. वाचनाचंही तसंच, त्याला मी गोष्टीची पुस्तकं आणणंच बंद केलं होतं.

नवऱ्याला व्हिडिओ दाखवला तेव्हा तो चिडला. "मी काय भेदभाव करणारा बाप आहे का? मुलगी शिकावी म्हणूनच तर हे सगळं." आणि मग त्याने पंडिता रमाबाईंचं उदाहरण काढलं, की बघ घरच्या शिक्षणाने मुलीचं किती भलं झालं. झालंच, १८५८ चा जन्म, शाळेचं तोंड न बघता सगळं संस्कृत घरच्यांकडूनच शिकल्या, आणि १८७८ ला कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता म्हटलं. पण मी त्याला म्हटलं, त्या घरात आधी वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, स्वतःच्या बायकोला बसवून शिकवलं होतं, आणि त्यांचं वय झाल्यावर त्या आईने मुलीला शिकवलं. समजावून सांगणारी आई होती तिथे. आपल्याकडे कोण समजावतं? आठवडाभर मी "झालं का, आवरा, पूर्ण करा" करते, आणि गुरुवारी बाबा येऊन "का" सांगतो. मला बेरीज-वजाबाकीच्या पुढचं येत नाही असं थोडंच आहे, मी आठ वर्षं ताळेबंद केलेत. दोघांना रोज दिसतं ते हेच, की आवरायचं काम आईचं आणि उलगडायचं काम बाबाचं. यावर तो काही बोलला नाही, चहा करायला गेला. तो चहा चांगला करतो, हे न लिहिणं अन्याय होईल.

मग आम्ही काही गोष्टी बदलल्या आणि त्या लगेच सुधारल्या असं अजिबात झालं नाही. नियम केला की जो प्रश्न विचारेल त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर. पहिल्या आठवड्यात ताईने प्रश्नच विचारले नाहीत. गुरुवारी तपकीर गल्लीत आळीपाळीने जायचं ठरलं, तिची पहिली पाळी आली तेव्हा तिचं पोट दुखायला लागलं. एलईडी लावताना उलटा लावला, पेटला नाही, बाळ्या पटकन म्हणाला "अगं पाय उलटे आहेत", तर ती सगळं तिथेच टाकून आत गेली आणि रात्री मला म्हणाली, "तुम्ही आता मला मुद्दाम विचारता. आधी नाही विचारायचात." काय उत्तर देणार. खरंच होतं ते. आणि शहाणी, शहाणी ऐकत मोठी झालेल्या मुलीला सगळ्यांसमोर चुकणं किती महाग पडतं तेही कळलं. हुशारीचं कौतुक झालेली मुलं अवघड कोडं आलं की मागे सरतात हे मी १९९८ च्या एका गाजलेल्या प्रयोगाबद्दल वाचलं होतं, घरात बघायला वेगळं वाटतं.

बाळ्याला ताटं घ्यायला लावली तर सासूबाई उठून त्याच्या हातातून वाट्या घ्यायच्या. त्यांच्याशी मी भांडले नाही, कारण त्यांचा धाक दुसऱ्याच गोष्टीचा आहे. ताई वयात येतेय. बाळ्या दहाव्या वर्षापासून एकटा वाण्याकडे जातो, सुट्टे मोजून आणतो, सायकलवर लायब्ररीपर्यंत जातो. ताईचं वर्तुळ मात्र याच वर्षात सोसायटीच्या गेटपर्यंत आलंय. मलाही भीती वाटते, मी पुरोगामी वगैरे असले तरी. शाळेत जाणाऱ्या मुलीला निदान जायचं-यायचं एक कारण असतं, घोळका असतो. घरी शिकणाऱ्या मुलीने बाहेर पडायचं तर दर वेळी कारण तयार करावं लागतं. यावर आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही. सध्या शनिवारी दोघं मिळून सायकलने लायब्ररीत जातात, आणि ती एकटी जाण्याबद्दल दर महिन्याला एकदा घरात वाद होतो, गेल्या महिन्यात ती जिंकली.

जे खरंच उपयोगी पडलं ते अगदी साधं होतं. मी वहीत तिसरा रकाना आखला: कोणी विचारलं, कोणाला सांगितलं. बस. पहिल्या काही दिवसांतच दिसलं की सकाळी दोघंही सारखेच प्रश्न विचारतात. ताईला दोनदा "हो गं, नंतर" मिळालं की दुपारनंतर ती विचारत नाही, बाळ्या पाचव्यांदाही विचारतो कारण त्याला चौथ्यांदा उत्तर मिळालेलं असतं. म्हणजे "त्याला कुतूहल जास्त आहे" हे जे आम्ही म्हणायचो ते संध्याकाळच्या ताईकडे बघून. आणि दुसरं, मी तिची गोष्ट वाचायला लागले, म्हणजे खरंच वाचायला. एका गोष्टीत विहिरीत पडलेला रेडिओ आहे जो पाण्याखाली वाजत राहतो. मी विचारलं का वाजतो? तर तिला माहीत नव्हतं, आणि त्या रात्री ती आपण होऊन बाबाकडे गेली, पाण्यात आवाज कसा जातो विचारायला. बाबाने तिच्याकडे बघून सांगितलं. मी दारात उभी राहून तपासलं, हो.

बाळ्या आता रोज दहा ओळी लिहितो, बहुतेक वेळा तक्रारीच लिहितो, पण दहा. त्या तक्रारी वाचायला फार मजा येते.

जुळी असली तरी दोन वेगळी माणसं आहेत. ताईला यंत्रांपेक्षा गोष्टीच जास्त आवडतात असं शेवटी निघालं तर निघू दे, तिला आधी दोन्ही नीट मिळाले का एवढंच मला बघायचं होतं, आणि एका घरावरून सगळ्यांचं काही सांगताही येत नाही. नवऱ्याचं अजूनही म्हणणं आहे की मी त्या व्हिडिओचा फार बाऊ केला.

परवा मिक्सरच्या भांड्याखालचा कपलर, म्हणजे मोटरचा फेरा पात्याला देणारी चकती, झिजला होता, भांडं नुसतंच घरघर करत होतं. वायर काढून मिक्सर उलटा केला, ताई म्हणाली मी करते. आमच्या मिक्सरचे आटे उलटे आहेत हे तिला माहीत नव्हतं, ती उलट घट्टच करत बसली, बाळ्याने तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून परत मिटलं. दोन मिनिटांनी तिला कळलं. मग आतला स्क्रू दिसेना म्हणून बाळ्याने सवयीने फोनचा टॉर्च लावला आणि तिच्यासमोर धरला, तिने धर म्हणायची पण वाट बघितली नाही त्याने. तर ती म्हणाली, "टॉर्च कशाला धरत बसायचं कोणी, टेबल खिडकीत घेऊया की."

टेबल एका बाजूने तिने उचललं, दुसऱ्या बाजूने त्याने.